‘अपडेट कायमचं बंद करून मिळेल’: कोकणातल्या संगणक दुरुस्तीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
उरण-अलिबागपासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत संगणक दुरुस्तीचा धंदा करणारे माझे सर्व व्यवसायबंधू आणि भगिनी,

सप्रेम नमस्कार.

विनंती आधी सांगतो, कारणं मागाहून. विंडोजचं अपडेट ‘कायमचं बंद’ करून द्यायचं काम घेणं आपण सोडून देऊ या. काम पाच मिनिटांचं, शंभर-दोनशे रुपये सुटतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, हे सगळं मला ठाऊक आहे. मीही याच धंद्यात आहे, कणकवलीच्या बाजूला माझं दुकान आहे. पण दोन-तीन वर्षांनी तोच संगणक आपल्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर येतो आणि तेव्हा त्याच्यावर अख्खा दिवस घालवूनही धड काही हाती लागत नाही. त्या दिवसाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

गिऱ्हाइकाला मी दोष देत नाही. मे महिन्याचा पहिला आठवडा, पडवीत आंब्याच्या पेट्या भरून तयार, टेम्पो रस्त्यावर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, माल रातोरात वाशीच्या मार्केटला पोचायला हवा, आणि स्क्रीनवर ‘संगणक बंद करू नका’ असं म्हणत टक्के चढतायत. “माका बिल काढूचा हा आणि ह्या मेला गोल गोल फिरता हा,” असा फोन मला दर हंगामात येतो. त्या माणसाला त्या घटकेला सुरक्षेवरचं व्याख्यान नको असतं. आपण पैसे मोजून घेतलेलं यंत्र आपल्या शब्दात राहावं, एवढंच त्याचं म्हणणं असतं आणि ते शंभर टक्के रास्त आहे. आपण त्यावर जो इलाज करतो, तो मात्र चुकतो.

मुळात हे वेळापत्रक आपल्याकडे बघून कुणी आखलेलं नाही. २००३ पासून मायक्रोसॉफ्ट सुरक्षेची अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असताना. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाकडे तो बोजा उतरतो बुधवारी सकाळी, दुकान उघडून अगरबत्ती लावल्या लावल्या. पुढची योजना अशी, की डाउनलोड दिवसा गुपचूप व्हावं आणि रीस्टार्ट रात्री, मालक झोपल्यावर. कागदावर छानच आहे. पण कोकणात रात्री संगणक चालू ठेवतो कोण? वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की आपणच लोकांना सांगतो, प्लग काढा, राउटरची वायर काढा, नाहीतर पोर्ट उडेल. एरवीही दुकान बंद करताना मेन स्विच खाली पाडायची सवय. त्या यंत्राच्या नशिबी रात्र येतच नाही. अपडेट अर्धवट लटकत राहतं, मुदत उलटते, आणि मग भर गिऱ्हाइकीत ते हट्टाला पेटतं.

त्यात डेटाचं वेगळंच. फायबर पोचलेल्या गावांचं ठीक आहे. वाडीत सगळा कारभार मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड-दोन जीबी. ते सकाळीच अपडेटने गिळलं की संध्याकाळी पोराचा क्लास आणि आजीची मालिका दोन्ही बंद.

तर राग खरा आहे. आता आपण ‘बंद’ करतो म्हणजे नेमकं काय करतो, ते एकदा आपापसात बोलू. सर्व्हिसेसच्या, म्हणजे विंडोजमागे गुपचूप चालणाऱ्या कामांच्या, यादीत ‘विंडोज अपडेट’ शोधून डिसेबल करतो. ते टिकत नाही, कारण विंडोज १० मध्ये ‘विंडोज अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सर्व्हिस आली, जिचं कामच पहिलीला पुन्हा उभं करणं हे आहे. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, शिरून तिचाही गळा आवळतो. मग ‘अपडेट ऑर्केस्ट्रेटर’ ही अपडेटची वेळ ठरवणारी तिसरी सर्व्हिस. मग टास्क शेड्युलरमधली कामं उडवतो, कुठला इंटरनेटचा पत्ता कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये मायक्रोसॉफ्टचे पत्ते अडवतो. एवढी दगदग नको असेल तर यूट्यूबच्या एखाद्या व्हिडिओखालचं ‘ब्लॉकर’ उतरवतो आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क देऊन चालवतो. ते कुणी लिहिलंय, आत काय आहे, देव जाणे. या शेवटच्या प्रकाराचा मला सगळ्यात जास्त राग आहे, हे इथे मोकळेपणाने सांगतो.

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराचा संगणक माझ्याकडे आला होता. काम कुणाचं होतं ते मी विचारलं नाही. तक्रार एवढीच, की बिलिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसत नाही. विंडोजची आवृत्ती दाखवणारं ‘विनव्हर’ टाइप करून एंटर दाबलं तर समोर १९०९. विंडोज १० च्या त्या आवृत्तीचा होम आणि प्रो वाल्यांसाठीचा आधार ११ मे २०२१ ला संपला. (त्यानंतर पाच-सहा दिवसांत तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि कित्येक गावं अंधारात होती, त्यामुळे ही तारीख आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहिली असेल असं वाटत नाही.) सर्व्हिसेस उघडल्या, तीनही डिसेबल. होस्ट्स फाइल उघडली तर खाली-खाली सरकत राहावं इतकी लांबलचक यादी. डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, चिन्ह मात्र खाली कोपऱ्यात दिमाखात होतं, म्हणून मालक निर्धास्त. “अँटिव्हायरस आसा मां,” म्हणाला. उघडून दाखवलं. विषाणूंच्या खुणांची यादी शेवटची कधी बदलली, ती तारीख काही वर्षांपूर्वीची होती. डिफेंडरची ती यादीही बहुतेक अपडेटच्याच वाटेने येते. वाट बुजवली की राखणदार उभा राहतो खरा, पण त्याच्याकडे नव्या चोरांचे फोटो पोचत नाहीत.

त्याच यंत्रावर त्याचं जीएसटीचं लॉगिन, नेटबँकिंग आणि व्यापाऱ्यांचे सगळे हिशेब होते. होस्ट्स साफ केली, सर्व्हिसेस जाग्यावर आणल्या, पेनड्राइव्हवरून आहे त्या विंडोजवरच अपग्रेड करून बघितलं. ब्लॉकरने सिस्टीमच्या फायलींचे हक्कच बदलून ठेवलेले, त्यामुळे गाडी दरवेळी तिथेच अडकायची. मधे लाईट गेली ती वेगळीच. शेवटी डेटा बाहेर काढून फॉरमॅट. नंतर बिलिंगच्या लायसनची की सापडेना, ती शोधण्यात मालकाच्या बायकोने कपाटातल्या सगळ्या फायली पालथ्या घातल्या. एवढ्या उस्तवारीचे पैसे मागायची मला लाज वाटली, आणि न मागून परवडणार नव्हतं.

हे एका घरातलं. मोठं उदाहरण हवं तर २०१७ घ्या. विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या एका भगदाडावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला सोडलं. १२ मे ला ‘वॉनाक्राय’ हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू सुटला. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी ते ठिगळ लावलं होतं त्यांच्या यंत्रात त्याला त्या भगदाडातून शिरता आलं नाही. ज्यांनी लावलं नव्हतं, त्यांच्यात ब्रिटनची सरकारी रुग्णालयंही होती. तिथे ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. आणि तो फोफावला कुठे, तर मुख्यतः विंडोज ७ वर, ज्याला तेव्हा अपडेट व्यवस्थित मिळत होती. यंत्र जुनं होतं म्हणून नव्हे, ठिगळ लावायचं राहिलं म्हणून लोक बुडाले.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा विषाणू आला, आणि तो तर थेट आपल्या किनाऱ्यावर उतरला. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या, मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाच्या ताब्यातल्या टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं. ट्रकांच्या रांगा लागल्या. मर्स्कला पुढे जगभरातले ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, हे त्यांच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे सांगितलं. नॉटपेट्यानेही तेच मार्चमधलं भगदाड वापरलं. पण पुरतं सांगायचं तर एवढ्यावर भागत नाही. एकदा आत शिरल्यावर तो यंत्रातले पासवर्ड उचलून शेजारच्या संगणकात जायचा, त्यामुळे ठिगळ लावलेलेही काही सापडले. आणि त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेटचा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. तेव्हा ‘अपडेट म्हणजे अमृत’ असं मी म्हणणार नाही. तुमच्यातले जुने जाणते मला लगेच पकडतील.

पकडायला जागा आहेच. ऑक्टोबर २०१८ ची विंडोज १० ची मोठी आवृत्ती, १८०९, काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडवून मोकळी झाली. मायक्रोसॉफ्टला ६ ऑक्टोबरला वाटप थांबवावं लागलं, ते पुन्हा सुरू झालं १३ नोव्हेंबरला. जुलै २०२१ मध्ये प्रिंटिंगच्या व्यवस्थेतलं ‘प्रिंटनाइटमेअर’ हे भगदाड घाईघाईने बुजवलं, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर एका संगणकाला जोडून चारजणांनी वापरायचे प्रिंटर बंद पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि सेवा केंद्रांत तर सगळा धंदाच अशा एका प्रिंटरवर. बहुतेकांनी काय केलं असेल हे सांगायला नको. त्याआधीची, २०१५-१६ ची विंडोज १० कडे न्यायची मोहीम तर दांडगाईच होती. खिडकी बंद करायला कोपऱ्यातल्या लाल फुलीवर क्लिक केलं, तर तोही अपग्रेडला होकार धरला जायचा. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी, आपल्या परवानगीशिवाय सुरू झालेल्या अपग्रेडने कामाचं यंत्र निकामी केलं म्हणून दावा लावला आणि १०,००० डॉलर मिळवले. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण अपील सोडून दिलं. त्या बाईंचं मला कौतुक आहे. आपल्या तारकर्लीच्या होमस्टेवाल्याला हे सांगितलं तर तो विचारेल, ते कोर्ट खंय आसा?

पण या प्रकरणांकडे नीट बघा. १८०९ ने फायली खाल्ल्या त्या पहिल्या काही दिवसांत धावत गेलेल्यांच्या. महिना-दीड महिना थांबलेल्याचं काही गेलं नाही. उलट वॉनाक्रायमध्ये दोन महिने थांबलेला बुडाला. म्हणजे थोडं थांबण्यात शहाणपण आहे आणि फार थांबण्यात धोका. आपल्या कौशल्याची जागा या दोन्हीच्या मधे आहे. सर्व्हिस डिसेबल करायला कौशल्य लागत नाही, गावातलं नववीतलं पोरही ते करतं.

मी काय करतो ते सांगतो, यात गुपित काही नाही.

यंत्रावर प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे यंत्राचे नियम ठरवायच्या जागी, जाऊन, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखालच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये विंडोज अपडेटच्या कप्प्यात, ऑटोमॅटिक अपडेटचा पर्याय क्रमांक २ निवडतो. मग यंत्र डाउनलोड करण्याआधी विचारतं. दर महिन्याची अपडेट तिथूनच ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. मी दहा दिवस ठेवतो. एखादं अपडेट खोडसाळ निघालं तर दहा दिवसांत बोंब होतेच. मोठ्या वार्षिक आवृत्त्या ३६५ दिवसांपर्यंत लांबवता येतात, तिथे मी सढळ हात ठेवतो, कारण त्यांत नव्या गमतीजमती जास्त आणि तातडीचं कमी असतं. आणि विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर येऊ नयेत, ही पॉलिसी चालू करतो. सेवा केंद्रांत तर न चुकता. अंगठ्याच्या मशीनचा चालता ड्रायव्हर बदलला गेला, की केवायसीसाठी डोंगर उतरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी परत पाठवावं लागतं.

बहुतेक घरगुती लॅपटॉपवर होम आवृत्ती असते, तिथे ग्रुप पॉलिसी नाही. म्हणून काहीच हातात नाही, असं नव्हे. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा होमवाल्याला खरंच नकार द्यायची सोय नव्हती. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून त्यालाही ‘पॉज’ मिळालं, ३५ दिवसांपर्यंत. बागायतदाराला मी एप्रिलच्या मध्यावर एकदा सगळं भरून घ्यायला लावतो आणि तिथून पॉज करतो, ऐन मे सुटतो. पॉजची मुदत संपली की आधी अपडेट घ्यावं लागतं, मगच पुन्हा पॉज मिळतं, हे मात्र गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला हवं. नाहीतर तो म्हणणार, तुम्ही बंद केलंत आणि ते परत आलं.

‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे अपडेटसाठी रीस्टार्ट व्हायचं नाही ते तास, यंत्राला स्वतःहून ठरवू देऊ नका. हाताने सकाळी सहा ते रात्री बारा लावा, १८ तासांपर्यंत चालतं. पण मी वर म्हटलं तसं, रात्री मेन स्विच पडणार असेल तर नुसत्या ॲक्टिव्ह अवर्सने काही होत नाही. त्यासाठी मालकाला एकच सवय लावायची. स्टार्टमधल्या पॉवरच्या बटणावर नारिंगी ठिपका दिसला, की त्या दिवशी दुकान आवरायला घेताना आधी ‘अपडेट अँड शट डाऊन’ दाबायचं, मग गल्ला मोजायचा, झाडू मारायचा, आणि स्क्रीन काळी होऊन पंखा थांबल्यावरच मेन स्विच. तीस टक्क्यांवर स्विच पाडून शटर ओढणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. (या बटणाचीही एक गंमत होती. कित्येकदा ते दाबल्यावर यंत्र बंद न होता पुन्हा सुरू व्हायचं. लोक म्हणायचे आणि आपण हसायचो. विंडोज ११ मधला तो दोष मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या अखेरीस दुरुस्त केला, म्हणजे लोकच खरे होते.)

हॉटस्पॉटवाल्यांना ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे या नेटचा डेटा मोजका आहे ही खूण, चालू करून द्या. तेवढं केलं की मोठी डाउनलोड बहुतेक थांबतात. ही खूण त्या-त्या वायफायच्या नावाला लागते, सगळ्या नेटला नाही. त्यामुळे मुलगा मुंबईहून गणपतीला आला आणि त्याच्या फोनवर लॅपटॉप जोडला, की पुन्हा पंचाईत. तेही लावून ठेवायला सांगा. आणि मीटर्ड लावून विसरून जाणं म्हणजे अपडेट बंद करण्याचाच प्रकार, म्हणून महिन्यातून एकदा लॅपटॉप आपल्या दुकानात किंवा फायबर असलेल्या शेजाऱ्याकडे न्यायचा, हे ठरवून द्या.

शाळांच्या संगणक कक्षासाठी वेगळं. पंधरा-वीस यंत्रं एकाच बारीक नेटवर ओढाताण करत बसतात. सेटिंग्जमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे, त्यात फक्त स्थानिक नेटवर्कमधल्या यंत्रांची निवड करा. एका संगणकाने उतरवलेलं बाकीचे त्याच्याकडून घेतात. इंटरनेटवरच्या यंत्रांचा पर्याय मात्र निवडू नका, नाहीतर शाळेच्या नेटवरून आपण परगावच्या कुणाला तरी अपडेट पुरवत बसू.

जिथे नेटच नाही, तिथे आपला पेनड्राइव्ह. ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या त्यांच्याच संकेतस्थळावर महिन्याचं अपडेट फायलीच्या रूपात मिळतं. एकदा उतरवायचं, त्या आवृत्तीच्या सगळ्या यंत्रांवर चढवायचं. विंडोज १० ची मासिक अपडेट साठत जाणारी असतात, ताज्यात मागची सगळी आलेली असतात, त्यामुळे सहा महिने राहिले म्हणून सहा फायली लागत नाहीत. मोठ्या आवृत्तीसाठी मीडिया क्रिएशन टूलने केलेला पेनड्राइव्ह, किमान आठ जीबीचा. ‘लाइट’ किंवा ‘गेमर एडिशन’ अशा नावांची कुठून तरी आलेली विंडोज नको. यातल्या कित्येकांत अपडेटची यंत्रणा मुळातच कापून टाकलेली असते.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कुणाला लागली तर लागो. आपल्यातले काहीजण अपडेट बंद करतात ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हे. क्रॅक, म्हणजे विकत न घेतलेली चोरीची विंडोज, टाकून दिलेली असते आणि ती उघडी पडेल अशी धास्ती असते. क्रॅकचा निवाडा मी करत बसत नाही. पण ॲक्टिव्हेट न झालेल्या विंडोजलाही सुरक्षेची अपडेट मिळतात. तेव्हा आपली झाकली मूठ राखायला गिऱ्हाइकाचं दार उघडं टाकायचं कारण नाही.

विंडोज १० चं काय, हा प्रश्न तुम्हालाही रोज येत असेल. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्या भागातली कितीतरी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यासाठी यंत्र २२एच२ या विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर लागतं आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवला तर पैसे पडत नाहीत. आता सांगा, १९०९ वर गोठवून ठेवलेल्या त्या बागायतदाराला हे कसं मिळालं असतं? ज्यांचं काम नुसत्या ब्राउझरवर भागतं त्यांच्या जुन्या यंत्रावर मी उबुंटू टाकून देतो. तिथे सुरक्षेची अपडेट आपोआप येतात, पण यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. सेवा केंद्राला ते चालत नाही, तिथली अंगठ्याची मशीन आणि डिजिटल सहीचे डोंगल विंडोजच मागतात.

नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर अजून एक खबरदारी. डिस्क बहुतेकदा आधीच कुलूपबंद असते. अपडेटनंतर क्वचित यंत्र बिटलॉकरची, म्हणजे त्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर असं काहींच्या बाबतीत झालंही. ती की असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, आणि ते खातं विक्रीच्या दिवशी दुकानदाराने घाईत, कुठल्या तरी ईमेलवर उघडलेलं. मालकाला त्याचा पत्ताच नाही. यंत्र हाती आलं की आधी ती की छापून घ्या आणि मालकाच्या रेशनकार्डाच्या पिशवीत टाकायला सांगा. कोकणात ती पिशवी हरवत नाही.

राहिला मुहूर्त. मृगाआधी घर शाकारून घेतो, तसं मोठ्या अपडेटचं काम आपल्या हंगामाकडे बघून काढायला हवं. विंडोज ११ ची वार्षिक आवृत्ती वर्षाच्या उत्तरार्धात येते, म्हणजे आपल्याकडे गणपती, दसरा, दिवाळीची गडबड. तिला तेव्हा हात लावायचं कारण नाही, होम आणि प्रोला प्रत्येक आवृत्तीचा आधार २४ महिने असतो. आंबावाल्यांची यंत्रं मी तुळशीच्या लग्नानंतर घेतो. पाऊस गेलेला असतो, लाईट त्यातल्या त्यात टिकते, मोहोराची धावपळ सुरू व्हायची असते. होमस्टे आणि हॉटेलवाल्यांना ते जमत नाही, दिवाळीपासून नववर्षापर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्यांचं फेब्रुवारीत. मच्छीमार सोसायट्यांचे संगणक १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत मोकळे असतात, पण ते दिवस धो धो पावसाचे, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी तपासल्याशिवाय सुरुवात करू नका. मोठी आवृत्ती पटली नाही तर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येतं, म्हणून त्या दहा दिवसांत ‘डिस्क क्लीनअप’ करून जागा मोकळी करायचा मोह आवरा. मागे फिरायची वाट त्याच जागेत असते.

या सगळ्याला पाच मिनिटं पुरत नाहीत, अर्धा-पाऊण तास लागतो. मग शंभराच्या जागी तीनशे मागा, मागायला लाजू नका. बिलावर ‘अपडेट सेटिंग’ असं मोघम न लिहिता काय केलं ते लिहा. पॉज कोणत्या तारखेपर्यंत, ॲक्टिव्ह अवर्स किती ते किती, ड्रायव्हर बंद की चालू. पुढे ते यंत्र तुमच्याकडे न येता माझ्याकडे आलं, तर मला शोधत बसावं लागणार नाही. माझं तुमच्याकडे आलं, तर तुम्हालाही नाही.

आणि ज्यांनी आधीच बंद करून दिलीत, त्या गिऱ्हाइकांना येत्या पावसाळ्यात, धंदा थंड असताना, फोन करून बोलवा. नंबर तुमच्या बिलबुकात आहेत. पूर्वस्थितीला आणायचे पैसे घ्यायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी घेतले नसते.

माझ्याकडे विंडोज १० च्या २२एच२ चा आणि विंडोज ११ च्या चालू आवृत्तीचा असे दोन पेनड्राइव्ह तयार असतात, महिन्याच्या अपडेटच्या फायलीही दुसऱ्या मंगळवारनंतर दहा-बारा दिवसांनी उतरवून ठेवतो. कणकवलीला येणं झालं तर कॉपी करून न्या, चहाही घेऊ. येताना आपला पेनड्राइव्ह आणा, मोठा आणि रिकामा. दुपारी दीड ते साडेतीन दुकान बंद असतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कणकवलीचा एक दुरुस्तीवाला